स्केलपुरती बायको

स्केलसाहेबांनी ट्रायपॉडचे पाय जमिनीत रोवले की त्यांची बायको न सांगता चालायला लागायची. समोर कडा असो, धरण असो, नाहीतर एखादं अवाढव्य वठलेलं झाड असो; ती त्याच्या पायथ्याशी जायची, मागून "थांब!" अशी आरोळी आली की थांबायची, कॅमेऱ्याकडे पाठ करायची आणि "झालं!" असं ऐकू येईपर्यंत तशीच उभी राहायची. अंगात लाल जर्किन. ते जर्किन साहेबांनीच तिला वाढदिवसाला आणून दिलं होतं. तिला निळा रंग आवडतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण निळा लांबून उठून दिसत नाही.

स्केलसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पाणीखात्यात ड्राफ्ट्समन होते. टाक्यांचे, नळांचे, गटारांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. नकाशाच्या कोपऱ्यात स्केल नसेल तर तो नकाशा नव्हे, नुसतं चित्र, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मत द्यायला ते कुणी विचारायची वाट बघत नसत. फोटोलाही त्यांनी तोच कायदा लावला. "नुसता कडा काढला तर तो घराएवढा आहे की डोंगराएवढा, बघणाऱ्याला काय कळणार? शेजारी माणूस हवा. पण चेहरा नको. चेहरा दिसला की बघणारा त्यातच अडकतो. कड्याकडे मग बघतो कोण?" तर्क बिनतोड होता. बिनतोड तर्काची घरात एकच पंचाईत असते. तो तोडायच्या भानगडीत कुणी पडत नाही. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी तेवढी सोमवारी फोनवर विचारायची, "काय बाबा, या रविवारी आईला कुठे उभी केलीत?"

या सगळ्यात एक नियम मोठा कडक होता. वळायचं नाही. कधी वाऱ्याने गारठून, कधी कंटाळून ती मान वळवायची आणि विचारायची, "अहो, झालं का?" की लगेच मागून आरडाओरडा सुरू, "गेली! गेली फ्रेम! वळलीस!" मग पुन्हा पाठ, पुन्हा पहिल्यापासून. रविवारी संध्याकाळी साहेब कॉम्प्युटरपुढे बसून निवड करायचे. हललेले, तिरके आणि वळलेले असे तिन्ही प्रकारचे फोटो बिनबोभाट काढून टाकायचे. त्या वेळी त्यांच्या हाताशी चहाचा कप असायचा, आणि तो कोण आणून ठेवायचं हे वेगळं सांगायला नको.

बायकोच्या नोकरीतही चेहऱ्याला काही काम नव्हतं. ती एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन बोर्डवर होती. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली. त्यात बोर्ड, दोन फिरत्या खुर्च्या आणि भिंतीवर डॉक्टरांच्या ड्यूटीचा तक्ता. बाहेरून कुणीही फोन केला की पहिला आवाज तिचा. "लाइनवर राहा, जोडून देते." रडणारे, भांडणारे, मटणाच्या दुकानाचा नंबर समजून लावलेले, सगळ्यांना तोच एक शांत आवाज. समोरच्याला धाप लागलीये ती जिने चढल्यामुळे की घाबरल्यामुळे, हे तिला नुसत्या श्वासावरून कळायचं. अख्ख्या शहराने तिचा आवाज ऐकला होता, पण तिला पाहिलेलं असं फारसं कुणी नव्हतं. वर्षानुवर्षं तिच्याशी फोनवर बोलणारे मोठे सर्जन जिन्यात समोर आले की "जरा बाजूला व्हा हो," म्हणायचे. ती बाजूला व्हायची आणि आवाजावरून त्यांना ओळखायची. ओळख मात्र एकाच बाजूने असायची.

ती आता निवृत्त होणार होती. तिच्या हाताखाली तयार झालेल्या ऑपरेटर मुलीने एक बेत केला आणि त्यासाठी तिने साहेबांना ऑफिसात फोन लावला.

"काका, बाईंचा एक छानसा फोटो द्या ना. चेहरा नीट दिसेल असा. मोठा करून इथे बोर्डच्या वर लावायचाय. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना खाली बोलावून दाखवणार आहोत, की बघा, ह्या त्या बाई. सोमवारपर्यंत मिळेल ना? तुमच्याकडे काय, ढीग असतील."

"एक काय, शंभर देतो," साहेब म्हणाले. "निवडता निवडता दमशील."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या संध्याकाळी बायको बहिणीकडे गेली होती. साहेबांनी चहा स्वतः करून घेतला, कॉम्प्युटर लावला आणि शीळ घालत शोधायला बसले. त्यांची व्यवस्था चोख होती. धरण, पडका पूल, दीपगृह, वाळलेलं तळं, जुनी गिरणी. प्रत्येक जागेचा कप्पा वेगळा आणि हजारो फोटो जागच्या जागी. प्रत्येक फोटोत लाल ठिपकाही जागच्या जागी. ते ठिपका मोठा करत जायचे आणि मोठा झाल्यावर त्यांना डोक्याची मागची बाजू भेटायची. तिच्या केसांचा सगळा इतिहास त्या डिस्कवर होता: काळी जाड वेणी होती तेव्हापासून, अंबाड्यात पहिली रुपेरी बट दिसली तेव्हापासून, ते केस कापल्यावर मान उघडी पडली तिथपर्यंत. मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे हे साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शीळ कधी थांबली ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी कप्पे संपवले, जुनी डिस्क काढली, तीही संपवली. मग कपाटातले कागदी फोटो काढले. लग्नातले होते, पण त्यातली मुलगी बोर्डच्या वर लावली असती तर लोकांनी विचारलं असतं की या बाईंची लेक का? मुलीच्या पदवीदानातला एक होता. त्यात बायकोचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी मामांच्या टकलामागे गेला होता. राहता राहिला हॉस्पिटलच्या ओळखपत्रावरचा. त्यात ती दंड भरायला आल्यासारखी दिसत होती.

लेकीला विचारावं तर तिच्या पोटात काही राहत नाही. फोन ठेवायच्या आधी आईला कळलं असतं. आणि आईला कळणं हीच तर खरी भीती होती. फोटो नाही तर नाही, बोर्डवरच्या पोरीला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ज्या माणसाच्या मागे ही बाई दर रविवारी उन्हातान्हात चालली, त्याच्याकडे तिचा एकही चेहरा नाही, हे तिला कळलं तर तिच्यापुढे उभं कसं राहायचं?

मग त्यांना आठवलं की चेहरे होते. वळलेल्या फोटोंत होते. पडक्या पुलावर एकदा धुकं होतं. ती वळली होती, केस तोंडावर आले होते आणि ती हसत काहीतरी म्हणत होती. त्या रविवारी तो फोटो त्यांनी पडद्यावर मोठा करून पाहिलाही होता. "छान हसलीये," असं मनात आलं होतं, आणि त्यांनी तो काढून टाकला होता, कारण पुलाचे त्याहून चांगले चार होते. काढून टाकला याचं वाईट वाटलंच. पण छान हसलीये हे दिसूनही काढून टाकला, याचं जास्त वाटलं. चहावर साय धरली होती.

सोमवारच्या आत एकच रविवार होता. त्या दिवशी जुन्या दगडखाणीवर जायचं आधीच ठरलं होतं.

गाडी नेहमीप्रमाणे दातांच्या डॉक्टरांची होती. हे साहेबांचे फोटोग्राफीतले जोडीदार. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघूनही यांचं समाधान होत नसे. सुट्टीच्या दिवशी कडे-बिडे सोडून ते पहारेकरी, गुराखी, पंक्चरवाले यांचेच चेहरे टिपत हिंडायचे. साहेब त्याला फोटोग्राफी मानत नसत. "त्यात स्केल कुठाय?" असं ते प्रत्येक वेळी विचारायचे आणि डॉक्टर प्रत्येक वेळी हसून सोडून द्यायचे.

पेट्रोल भरायला थांबल्यावर बायको पाण्याची बाटली भरायला उतरली, तशी साहेबांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि घसा साफ करून अडचण सांगितली. सांगताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

"वहिनींचा?" डॉक्टर म्हणाले. "अहो, माझ्याकडे आहेत की तीन-चार. दीपगृहाला चहा ओतताना काढलेला एक तर फारच सुरेख आलाय. पाठवू का?"

सुटका अशी हातातोंडाशी आली होती. पण साहेबांच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली, भिंतीवरचा फोटो उभा राहिला आणि "कुणी काढला हो?" असं विचारणारा माणूसही उभा राहिला. इतकी वर्षं बायकोला बरोबर घेऊन हिंडलो मी, आणि फोटो काढला दातवाल्याने.

"नको," ते म्हणाले. मग जरा जास्तच तुटक झालं असं वाटून म्हणाले, "आज काढतो मी."

"काढा ना. सोपं असतं. फक्त 'आ करा' म्हणू नका," डॉक्टर म्हणाले आणि पेट्रोलवाल्याचा फोटो काढायला गेले.

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. दगड कापून कापून उभी भिंत तयार झालेली, तिच्यावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या रेघा, तळाशी हिरवं साचलेलं पाणी आणि काठाला खडीचा पट्टा. सकाळचं ऊन हळूहळू भिंतीवरून खाली उतरत होतं. डॉक्टरांना फाटकावर एक म्हातारा पहारेकरी सापडला आणि ते तिथेच रमले. साहेब आणि बायको दोघंच खाली आले. साहेबांनी ट्रायपॉड रोवला. बायकोने थर्मास एका सपाट दगडावर ठेवला, जर्किनची चेन लावली आणि ती चालायला लागली.

"अगं, थांब," साहेब म्हणाले. "आज इथेच उभी राहा. आणि इकडे तोंड कर."

"इकडे म्हणजे?"

"माझ्याकडे."

"ते कशाला?"

"नवी लेन्स तपासतोय."

बायकोने लेन्सकडे पाहिलं. "ही होय नवी? कॅमेऱ्याबरोबरच आली होती ती. कपाटात पडलेली असते. बुरशी धरू नये म्हणून मीच पुसून ठेवते."

साहेबांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. आणि इथे भलतंच घडलं. कॅमेरा वर गेला, तशी बायको गर्रकन फिरली. पुन्हा पाठ.

"अगं, इकडे!"

"हो हो, चुकलं," ती म्हणाली आणि फिरून उभी राहिली. त्यांनी कॅमेरा उचलला. तिचे खांदे निम्मे वळले, तिने ते ओढून परत आणले. "पाय ऐकत नाहीत हो," ती म्हणाली.

मग कशीबशी समोर तोंड करून उभी राहिली, पण ओळखपत्रावरची बाईच समोर येऊन उभी राहिली जणू. साहेबांनी सूचनांचा सपाटा लावला. हनुवटी खाली घे. एवढी नको. डावीकडे बघ. हात असे लोंबकळू देऊ नकोस. जरा नैसर्गिक राहा.

"नैसर्गिक म्हणजे कशी?" तिने विचारलं.

हे साहेबांनाही सांगता येईना. भिंतीला कधी नैसर्गिक राहा म्हणावं लागलं नव्हतं. त्यांनी पंधरावीस फोटो काढले, मागच्या छोट्या पडद्यावर पाहिले, आणि प्रत्येक फोटोत ती आधीच्याहून जास्त दंड भरायला निघालेली दिसली. त्यांच्या कपाळाला घाम आला.

"बोर्डवरच्या पोरीला द्यायचाय ना?" बायको म्हणाली.

साहेबांचा कॅमेरा खाली आला. "तुला कुणी सांगितलं?"

"तिने आधी मलाच विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे नाही बाई, यांना विचार." ती थांबली. "मला बघायचं होतं, तुमच्याकडे निघतो का एखादा."

हे ती रागाने म्हणाली नाही. फोन लागत नसला की "लाइन बिझी आहे," असं सांगायची, त्याच आवाजात म्हणाली. तक्रार नाही, फक्त माहिती. ती चिडली असती तर साहेबांनी प्रतिवाद केला असता. वाद घालण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. डिस्क बिघडली, असं एक वाक्य जिभेच्या टोकावर आलंही. पण तिच्याकडे बघून ते गिळलं.

"एकही नाही," ते म्हणाले. "होते. तू वळायचीस तेव्हाचे. मीच काढून टाकले."

"सगळे?"

"सगळे."

"बरं," बायको म्हणाली. तिच्या 'बरं'चे अनेक प्रकार साहेबांना माहीत होते. हा त्यातला नव्हता. ती खाणीच्या भिंतीकडे बघत उभी राहिली आणि मग तिने जर्किनची चेन खाली ओढली.

"कॅमेरा द्या इकडे. आणि तुम्ही जा तिथे, भिंतीपाशी."

"मी? कशाला?"

"स्केल नको का? हे घाला."

जर्किन त्यांच्या खांद्यात अडकलं, पुढून मिटेना आणि बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. तशा अवतारात साहेब खडी तुडवत पाण्याच्या कडेने निघाले. मागून "थांबा!" आलं. थांबले. पाठ केली.

समोर दगड होता. नाकासमोर सुरुंगाच्या भोकाची रेघ, तिच्यात शेवाळ आणि मुंग्यांची रांग. वरून कुठूनतरी पाण्याचे थेंब पडत होते. त्यांनी मुंग्या पाहिल्या. मग थेंब ऐकले. मागे काय चाललंय ते कळायला काही मार्ग नव्हता. फोटो निघाला की निघायचाय? ती बघतेय की नाही? मानेला गार लागायला लागलं आणि हात कुठे ठेवावेत ते सुचेना. "झालं!" काही येईना.

आणि तिथे उभ्या उभ्या त्यांना एक एक आठवत गेलं. फोटो काढून झाल्यावर आपण करतो काय? पडद्यावर बघतो. कोपरे मोठे करून बघतो. उजेड कमीजास्त करून आणखी एक काढतो, मग आणखी एक. आणि मग कधीतरी आठवतं की पलीकडे कुणी उभं आहे. धरणावर तर ते आठवलंही नव्हतं. ते लेन्स आवरून गाडीपाशी गेले होते आणि डॉक्टर म्हणाले होते, "वहिनी राहिल्या की हो तिकडे." तेव्हा सगळेच हसले होते. ती आल्यावर तीही हसली होती.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

थेंब पडत राहिले.

"अगं? आहेस ना?" आणि ते वळले.

बायको सपाट दगडावर बसून चहा पीत होती. कॅमेरा शेजारी ठेवलेला होता.

"कधीच झालं," ती म्हणाली. "सांगायचं राहिलं."

साहेब परत आले. जर्किन काढायला त्यांना तिची मदत लागली. मग ते तिच्या शेजारी दगडावर बसले. नकाशातली चूक दाखवली की हा माणूस आधी दाखवणाऱ्याचा चष्मा तपासायचा. पण इथे तपासायला काही उरलं नव्हतं.

"असं होतं का दर वेळी?"

"दर वेळी नाही. पण होतं."

"मग बोलायचं नाहीस का?"

"बोलायचे की," बायको म्हणाली. "तेव्हाच तर तुमची फ्रेम जायची."

दूर फाटकापाशी डॉक्टरांचं आणि पहारेकऱ्याचं हसणं ऐकू येत होतं. साहेबांनी खडीतला एक खडा उचलला, बघितला, खाली ठेवला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना थर्मासचं झाकण चार वेळा फिरवावं लागलं. "फोटोचं नाही म्हणत मी. उभं करून ठेवायचो, त्याचं."

बायकोने दुसरं झाकण भरून चहा त्यांच्या हातात दिला. तिला तोंडभर बोलून माफ करायची सवय नव्हती आणि त्यांना तसं ऐकायचीही नव्हती. चहा संपला. भिंतीवरचं ऊन आता जवळजवळ तळापर्यंत आलं होतं आणि अख्खा दगड आतून पेटल्यासारखा लाल-पिवळा झाला होता.

"चला, उठा," ती म्हणाली. "ऊन आलंय. तुमचा कडा तरी घ्या. पोरीला सांगेन मी काहीतरी. डॉक्टरांकडे असेल माझा एखादा."

"आहे," साहेब म्हणाले. "चहा ओततानाचा. सुरेख आलाय म्हणे."

"मग झालं तर."

तिने जर्किन घातलं आणि ती निघाली, नेहमीसारखी, पाण्याच्या कडेने. साहेब मोठ्या भिंतीची लेन्स काढायला बॅगेवर वाकले. चेन उघडली. लेन्स हातात घेतली. समोर ऊन असं पडलं होतं की वर्षात एखाद्या वेळी पडेल. ती भिंतीपाशी पोचली, "थांब"ची वाट न बघता बरोबर जागेवर थांबली आणि पाठ करून उभी राहिली.

साहेबांनी लेन्स परत बॅगेत ठेवली. दगडावरचा कॅमेरा उचलला आणि ते तिच्या मागून चालायला लागले.

खडीवर पावलं वाजत होती. तिचे कान असे की हॉस्पिटलच्या जिन्यातून कोण उतरतंय ते ती खुर्चीत बसून सांगायची. पण ही पावलं तिने ओळखली नाहीत, आणि त्यात तिची चूक नव्हती. ती भिंतीपाशी उभी असताना नवरा कायम मागे लांब असायचा; या वेळी तो इथे असणं शक्यच नव्हतं.

"डॉक्टर, बाजूला व्हा हो," ती न वळता म्हणाली. "यांच्या फ्रेममध्ये येताय तुम्ही."

पावलं थांबली नाहीत.

"अहो, बाजूला व्हा म्हणते ना! एवढं ऊन आलंय, त्यांचा फोटो..." आणि ती वैतागून वळली.

हातभर अंतरावर नवरा होता. वैताग अजून कपाळावर होता, बोलता बोलता उघडलेलं तोंड तसंच होतं आणि डोळ्यांत मात्र ओळख पटून हसू आलं होतं. हे सगळं एकाच वेळी चेहऱ्यावर होतं. साहेबांनी बटण दाबलं.

तिने लगेच हात तोंडाशी नेला. "अगंबाई! गेली ना फ्रेम?"

"नाही गेली," साहेब म्हणाले. दोघं परत दगडापाशी येईपर्यंत ऊन भिंतीवरून सरकलं. कड्याचा फोटो त्या दिवशी निघालाच नाही.

निरोपाच्या दिवशी बोर्डच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक जण बाहेर निघाल्याशिवाय दुसऱ्याला आत यायला वाव नव्हता. ऑपरेटर मुलीने फोटो चांगला दारासारखा मोठा करून आणला होता आणि ड्यूटीचा तक्ता उतरवून त्या जागी लावला होता. वॉर्डातल्या नर्स आल्या, रक्त तपासणारे आले, औषधवाले आले. सगळे आधी फोटोकडे बघायचे, मग बाईंकडे आणि म्हणायचे, "तुम्हीच होय त्या!" जिन्यातले सर्जनही आले. त्यांनी फोटो पाहिला, बाईंना पाहिलं, आणि "तुम्हाला तर मी रोज..." एवढं म्हणून ते पुढचं विसरले. बाई त्यांना म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा हो, मागच्यांना दिसत नाहीये." खोलीत हशा पिकला, सर्जन मात्र कानापर्यंत लाल झाले.

फोटोत कपाळावर आठी होती. तोंड उघडं होतं. चार केस भुवईवर आले होते. कुणी म्हणालं, अगदी बोलतायत असं वाटतं. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा वर करून, नाक फोटोला लावून तपासणी केली.

"डोळे छान आलेत," ते साहेबांना म्हणाले. "कानाचा फोकस गेलाय जरा. आणि तोंड अगदी माझ्या खुर्चीत बसल्यासारखं उघडलंय."

"तुम्ही 'आ करा' म्हणू नका म्हणाला होतात."

"तुम्ही कुठे म्हणालात?" डॉक्टर हसले. मग त्यांनी फोटोच्या कडेला, बायकोच्या खांद्यामागे पसरलेल्या धूसर पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "आणि हे मागे काय आहे? भिंत?"

"कडा आहे," साहेब म्हणाले. "स्केलसाठी ठेवलाय."

बायको तेव्हा खोलीच्या त्या टोकाला, पाठमोरी उभी राहून ऑपरेटर मुलीच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवून देत होती. ती वळली नाही. पण जन्मभर कानांवर नोकरी केलेली बाई ती. तिला ऐकू गेलं नसेल, असं काही म्हणता येणार नाही.